पहिलं आयव्हीएफ फेल गेलं, ट्रान्सफर लगेच करू की थांबू?

प्रश्न: मॅडम, मी ३४ वर्षांची, सिंहगड रोडला राहते. पहिल्या ट्रान्सफरनंतर (गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) बीटा, म्हणजे दिवस राहिलेत का बघायची रक्ततपासणी, निगेटिव्ह आली. अजून दोन ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचे गर्भ) फ्रीज केलेले आहेत. डॉक्टर म्हणतात पुढच्याच पाळीत करू, सासूबाई म्हणतात पितृपक्ष होऊन जाऊदे, नवरा म्हणतो दोन्ही एकदम टाकून घे. मला तर क्लिनिकचं नाव काढलं तरी रडू येतं. काय करू?

उत्तर: अगं रडू येणारच, एवढी इंजेक्शनं घेऊन हाती असा रिपोर्ट आल्यावर कोणाला नाही येणार. पण एक भीती आधी डोक्यातून काढ. फ्रीज केलेल्या गर्भाचं वय वाढत नाही, तुझी अंडी काढली तेव्हाच्याच वयाचा तो राहतो, लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला, आणि आपल्या कायद्याने १० वर्षांपर्यंत ठेवता येतो. त्यामुळे दोन-तीन महिने थांबलीस तरी काही बिघडत नाही, आणि ओव्हरीची सूज उतरली असेल तर पुढच्या पाळीत केलंस तरी चालतं. परत अंडी काढायची असती तर मीच म्हटलं असतं की लांबवू नकोस.

डॉक्टरांना मात्र विचार, मागच्या वेळी गर्भाशयाचं अस्तर किती जाड होतं (साधारण ७ मिलिमीटरच्या वर लागतं), थायरॉईड बघितलं का, आणि मुख्य म्हणजे ट्यूबमध्ये (गर्भनलिकेत) पाणी तर नाही ना, कारण ते पाणी गर्भाशयात उतरतं आणि गर्भ रुजायला अडचण होते, तसं असेल तर आधी ट्यूबचा इलाज, मग ट्रान्सफर.

दोन्ही एकदम नको गं. जुळं राहिलं तर दिवस भरायच्या आत डिलिव्हरी, बीपी, बाळं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत), हे सगळं वाढतं. एकेक ठेवलास तर तुझ्या हातात दोन संधी राहतात, हे नवऱ्याला नीट समजावून सांग.

पितृपक्षाला वैद्यकीय कारण काहीच नाही, पण त्यावरून घरात रोज धुसफूस होऊन तुलाच ताण होणार असेल तर पंधरा दिवस पुढे ढकलायला माझी हरकत नाही, फक्त तारीख तू ठरव, कारण औषधं तुझ्या अंगात जाणार आहेत. आणि रडणं थांबतच नसेल, झोप-जेवण उडालं असेल तर आधी काउन्सेलरकडे जा, ट्रान्सफर नंतर.

ट्रान्सफर झाल्यावर झोपून राहायची गरज नाही, रिक्षा खड्ड्यात आदळली म्हणून गर्भ पडत नाही. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला देतात ते हार्मोन) तेवढं चुकवू नकोस, मध्ये थोडे रक्ताचे डाग लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही.