सातवीतल्या मुलीला बैजिक राशी कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की क्ष = ४ दिलं की मुलगी ३क्ष ची किंमत ३४ लिहिते, आणि शब्दांवरून राशी, म्हणजे ३क्ष + १ सारखी अक्षरं आणि संख्यांची मांडणी, लिहिताना अडखळते. तिला रागावू नका. आजवर ३ च्या शेजारी ४ लिहिले की चौतीसच होत आलेत. थोडे दिवस तिला ३ × क्ष असं पूर्ण लिहू द्या, आणि किंमत कंसात घालायची सवय लावा: ३ × (४). ऋण संख्या आल्या की हा कंसच वाचवतो. क्ष = −२ असताना क्ष चा वर्ग (−२) × (−२) म्हणजे ४; कंस विसरलेली मुलं हमखास −४ लिहितात.

मांडणीसाठी मी वर्गात गूल काढलेल्या आगकाड्या नेते. एकाला एक चिकटवून ओळीत चौरस करायचे. एका चौरसाला ४ काड्या, दोन चौरसांना ७, तीन चौरसांना १०. दहा चौरसांना किती, विचारलं की निम्मा वर्ग "चाळीस!" म्हणून ओरडतो. मग मोजायला लावते. ३१ भरतात. शेजारच्या दोन चौरसांत एक काडी सामाईक आहे, हे तिथे हाताला कळतं. न चौरसांचं उत्तर मग प्रत्येक जण आपापल्या नजरेने देतो. कुणी पहिली उभी काडी वेगळी काढून १ + ३न म्हणतं, कुणी पहिला चौरस अख्खा धरून ४ + ३(न − १), कुणी वरच्या न, खालच्या न आणि उभ्या न + १. बरोबर कोण? न च्या जागी १० घाला, तिन्हीकडे ३१. कंस सोडवून सजातीय पदं (न असलेली न असलेल्यांशी, सुट्या संख्या सुट्यांशी) एकत्र केली की तिन्ही राशी ३न + १ होतात. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (सुमारे ११५०) हीच राशी 'या ३ रू १' अशी दिसली असती. 'या' म्हणजे यावत्तावत्, जितकी असेल तितकी. 'रू' म्हणजे सुटी संख्या. मुलांना हे फार आवडतं.

म्हणून मांडणी आधी आणि किंमत काढणं नंतर, असे दोन वेगळे धडे मी करत नाही. 'एका संख्येत ३ मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट' हे मुलं क्ष + ३ × २ असं लिहितात, कारण मराठीत दुप्पट शेवटी येते. आधी ५ घेऊन तोंडी करवा: आठ, सोळा. मग तिच्या राशीत ५ घालायला सांगा. अकरा येतील. कंस कुठे हवा ते ती स्वतःच शोधेल.

आज काड्यांचे त्रिकोण करून द्या: ३, ५, ७. वीस त्रिकोणांना किती, ते आधी राशीवरून काढू दे, मग मोजू दे.