आधी ओझं लिही, मग कोर्स शोध

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आयसीयू सोडायचं ठरवलंस, त्यावर मला काही म्हणायचं नाही. दोन व्हेंटिलेटर एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला मी काय धीर देणार? पण सोनोग्राफी, लॅब, मेडिकल कोडिंग (फाइलीतल्या आजारांना ठरलेले कोड लावणं) अशी तीन नावं एकाखाली एक लिहून 'यातलं कमी त्रासाचं कोणतं?' असं विचारलंस, तिथे मी अडखळले. त्रास कशाचा, हे चार पानांत एकदाही लिहिलं नाहीस. पाठीचा? झोपेचा? सतत वाजणाऱ्या अलार्मचा? नातेवाइकांना तोंड देण्याचा? या प्रत्येकावर उतारा वेगळा आहे, आणि एकावरचा दुसऱ्याला चालत नाही.

म्हणून आधी ओझं लिही. एक वही कर. सलग 14 ड्युट्या, पुढच्या पाळीला हँडओव्हर दिल्या दिल्या, कपडे बदलायच्या आधी, सहा रकाने भरायचे: पाठ-पाय, झोप, जबाबदारी, माणसं, घड्याळ, कंटाळा. प्रत्येकाला 0 ते 5. शेजारी अर्धी ओळ, आकडा कशामुळे पडला त्याची. 'पेशंट कुशीवर वळवताना.' 'इन्फ्यूजन पंप दर दहा मिनिटांनी.' घरी जाऊन, जेवून, झोपून उठल्यावर लिहिलेले आकडे मऊ पडतात. ते मला नकोत. कंटाळ्याचा रकाना गाळू नकोस. आज तो शून्य असेल, पण तू जिथे जायचं म्हणतेस तिथे तोच पाचावर जातो. आणि पाच फक्त स्टाफ कमी असलेल्याच दिवशी पडत असेल, तर दोष पेशाचा नाही, रोस्टरचा आहे. त्यासाठी दोन वर्षांचा कोर्स करायची गरज नाही.

आता तुझी तीन नावं.

सोनोग्राफी. देशोदेशी नियम वेगळे. काही ठिकाणी प्रोब, म्हणजे पेशंटच्या अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, फक्त डॉक्टरनेच धरायचा असतो, तेव्हा तुझ्याकडे काय आहे ते पहिल्यांदा बघ. बसून करायचं काम, असं तू लिहिलंस. बसून, हो. पण एक हात दिवसभर पेशंटवर ताणलेला, मान स्क्रीनकडे वळलेली, दुसरा हात बटणांवर. खांदा, मान आणि मनगट ही या पेशाची ठरलेली दुखणी आहेत. त्यांचे नियमही ठरलेले आहेत: दंड अंगापासून 30 अंशांपेक्षा जास्त उचलायचा नाही, पेशंटला आपल्या बाजूच्या कडेला सरकवून घ्यायचं, टेबल दर पेशंटला वर-खाली करायचं, प्रोब चिमटीत आवळायचा नाही, पूर्ण तळव्याने धरायचा, कोपराखाली आधार घ्यायचा. गडबड कुठे होते? यादी तासभर मागे पडते, पुढचा पेशंट स्थूल असतो, आणि त्या घाईत टेबल कोणी हलवत नाही. तो एक पेशंट काही करत नाही. रोजचे तसे पाच करतात. शिवाय गर्भाचे ठोके दिसले नाहीत, तर बऱ्याच ठिकाणी सोनोग्राफरला ते सांगायची मुभा नसते. डॉक्टर येईपर्यंत त्या बाईच्या नजरेसमोर चेहरा सरळ ठेवून बसायचं. तुझ्या वहीत 'माणसं' रकान्यात पाच असतील, तर इथे सुटका नाही.

लॅब. इथे मात्र खरा आराम आहे, पण कोणासाठी ते नीट वाच. नातेवाईक नाहीत, पेशंट उचलायचा नाही, अलार्म यंत्राचा असतो, माणसाच्या जिवाचा नाही. पाठ आणि माणसं या दोन रकान्यांत तुझे पाच असतील तर लॅबचा विचार जरूर कर. जबाबदारीत असतील तर थांब. पेशंट डोळ्यांसमोर नसला म्हणून जबाबदारी हलकी होत नाही, उलट ती डोळे झाकून पेलावी लागते. एक उदाहरण घे, वॉर्डातलंच. रक्त आधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं आणि मग सिरमच्या ट्यूबमध्ये, किंवा कमी पडलं म्हणून एकीतलं दुसरीत ओतलं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं पोटॅशियमचं ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. रिपोर्टात पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली. पेशंट ठणठणीत आणि कागदावर हृदय बंद पडायच्या बेतात. हे लॅबमध्ये बसलेल्या माणसाने ओळखायचं, नुसत्या आकड्यांवरून. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू देत नाही) असं प्रमाण लागतं. ट्यूब अर्धी भरली की गोठण्याची वेळ खोटीच लांबते. टुर्निके, दंडाला बांधायचा पट्टा, मिनिटापेक्षा जास्त आवळलेला राहिला तरी आकडे हलतात. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला की त्या टेस्टचे रिपोर्ट थांबवायचे, आणि वॉर्डातून फोन येत राहतात, ज्या आवाजात आज तू करतेस त्याच आवाजात. रात्री रक्तपेढीत एकटीने क्रॉसमॅच करणं, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं, हे आयसीयूच्या नाइटपेक्षा कमी टांगणीचं आहे, असं मी म्हणणार नाही. झोपेचा रकाना पाच असेल तर लॅबच्या नाइट आधी विचार.

कोडिंगबद्दल थोडक्यात. पाय, झोप, माणसं, तिन्ही शून्यावर येतात. घड्याळ आणि कंटाळा वर जातात. तासाला किती फाइली याचं टार्गेट असतं आणि अचूकता बहुतेक ठिकाणी 95 टक्क्यांच्या आसपास मागतात. आयसीडी, म्हणजे आजारांच्या कोडांची जागतिक यादी; तिची अकरावी आवृत्ती, आयसीडी-11, लागू झाली 1 जानेवारी 2022 ला, तरी कित्येक देश अजून दहाव्या आवृत्तीवरच काम करतात, म्हणजे एक पाठ केलंस तरी दुसरं शिकणं डोक्यावर आहेच. नर्सची खास अडचण वेगळीच: औषधांचा तक्ता आणि लॅक्टेट बघून तुला कळतं की पेशंट सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव ढासळण्याच्या अवस्थेत) होता, पण डॉक्टरने तसं लिहिलेलं नसेल तर तो कोड तुला लावता येत नाही. डॉक्टरला लेखी प्रश्न, क्वेरी, पाठवायची, वाट बघायची. ज्यांना आपल्या नजरेचा अभिमान असतो, ते इथे सहा महिन्यांत वैतागतात. तुला आहे, पत्रात दिसतो.

डायलिसिस तू लिहिलं नाहीस, पण कोणीतरी सुचवेलच. तेच पेशंट, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. ओळखीचं, आखलेलं. पण पहाटेची पाळी, पेशंट उतरवून पुढचा चढवायची घाई, मध्येच कोसळणारा रक्तदाब, आणि एका सत्राला 120 लिटरच्या आसपास शुद्ध पाणी. त्यातला क्लोरामाइन (नळाचं पाणी निर्जंतुक करायचं रसायन) तपासायचा राहिला तर रक्तपेशी फुटतात. आणि तिथला पेशंट जातो तेव्हा तो चार वर्षांच्या ओळखीचा असतो.

तू म्हणशील, ही बाई प्रत्येक दारात खोट काढते. काढते. मी स्वतः वॉर्ड सोडला नाही, आणि सोडणाऱ्यांवर न सोडणाऱ्यांचा राग असतो असं लोक म्हणतात. म्हणोत. राहण्यातही काही मोठेपणा नव्हता. माझ्या वहीत कंटाळ्याला मी सगळ्यात जास्त घाबरते हे दिसलं, म्हणून राहिले. त्याची किंमत गुडघ्यांनी मोजली, आणि ती रास्त होती असं मी अजूनही म्हणते. तुझी वही वेगळं सांगेल. पण सांगू तर दे तिला! आधी ओझं लिही.

पेशा न बदलता विभाग बदलणं तुला सुचलंच नाही, याचं नवल वाटतं. एंडोस्कोपी, भूलपूर्व तपासणीचा बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, संसर्ग नियंत्रण. शेवटच्यात नाइट सहसा नसतात. रोज कोणाला सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आहे, कोणाला लघवीचा कॅथेटर, ते दिवस मोजायचे, दर हजार लाइन-दिवसांमागे किती संसर्ग झाले ते काढायचं, आणि हात न धुणाऱ्या सर्जनला तोंडावर सांगायचं. भांडखोर माणसाला उत्तम.

वही भरल्यावर जो पेशा उरेल, तिथे जाऊन पूर्ण पाळी बघ. दुपारी दोनला जाऊ नकोस. तेव्हा सगळीच कामं शांत दिसतात. सोमवारची सकाळ आणि कुठल्याही दिवसाचा शेवटचा तास बघ. विचारायचं ते असं: माणशी दिवसाला किती पेशंट किंवा सॅम्पल? कोणी आलं नाही तर त्याचं काम कोण करतं? सुट्टीच्या दिवशी कॉल किती? मागच्या वर्षी कोण सोडून गेलं आणि कुठे? शेवटच्या प्रश्नावर लोक एकमेकांकडे बघतात, ते बघून ठेव.

नोकरीचा राजीनामा प्रॅक्टिकलचे तास कधी आणि बिनपगारी आहेत का, हे लेखी कळल्याशिवाय देऊ नकोस. नर्सिंगची नोंदणी चालू ठेव. नूतनीकरण एकदा चुकलं की परतीची वाट लांबते. हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडीची चाचणी आत्ताच्या नोकरीत असतानाच करून रिपोर्ट जपून ठेव. आकडा 10 mIU/mL किंवा वर हवा, प्रॅक्टिकलला घेताना तो रिपोर्ट बहुतेक मागतातच.

फी भरायची तारीख जवळ आली म्हणून मला फोन करू नकोस. चौदा दिवसांच्या पानांचे फोटो पाठव, खाडाखोड तशीच ठेवून.

तुझी,
मावशी