विमान मागे ढकलताना पंखाजवळ काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची खरंच गरज असते का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून मुंबईला जाताना खिडकीतून एक माणूस चमकती काठी घेऊन पंखाच्या टोकाखाली चालताना दिसला, आणि तुम्हाला वाटलं, एवढे सेन्सर निघाले तरी हा नुसता पगार खातो की काय. तो मी नव्हतो. मला घरी बसून आठ वर्षं झाली. पण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर हेच काम मी एकोणीस वर्षं केलंय, त्यामुळे 'पगार खातो' वाचून जरा लांब लिहितोय.

गरज असते. कॉकपिटमधून मागचं दिसत नाही, विमानाला काही स्कूटरसारखे आरसे नसतात. पुशबॅकच्या, म्हणजे मागे ढकलायच्या वेळी विमान पायलट चालवत नाहीच, ट्रॅक्टरवाला चालवतो. त्याच्या डोक्यावर विमानाचं नाक, पुढे टो बार, म्हणजे ट्रॅक्टर आणि विमान जोडणारा दांडा. दोन्ही पंखांची टोकं त्याला एका वेळी दिसणं शक्य नाही. एअरबस ३२० चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास ३६ मीटर, आणि शेजारच्या बेवरच्या (बे म्हणजे विमान उभं करायची जागा) विमानापासून जागा सोडायची ती किमान साडेचार मीटर. म्हणजे मध्ये एक कार मावेल एवढीच. त्यात पंख मागे झुकलेले, म्हणून विमान वळलं की टोक बाहेर फेकलं जातं. एसटी वळताना तिचा मागचा कोपरा कसा बाहेर येतो, तसंच. नवा माणूस इथेच फसतो. तो सरळ रेषेत जागा मोजतो.

आता माझं सांगतो.

डिसेंबरची पहाट होती. रात्री मुक्कामाला थांबलेलं विमान एका बेवरून काढून दुसऱ्या बेवर न्यायचं होतं. प्रवासी नव्हते, इंजिन बंद, ब्रेक सांभाळायला कॉकपिटमध्ये एक माणूस. धुकं असं की टर्मिनलचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. नियमाने आम्ही दोघे हवे, एक डाव्या पंखाला, एक उजव्या. पण सामान चढवायला माणूस कमी पडला म्हणून सुपरवायझरने उजवीकडच्याला तिकडे पाठवलं. "रिकामं तर विमान आहे, एक जण बस झाला," म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, रिकामं असलं म्हणून पंख लहान होते का?" त्याला ते आवडलं नाही. तेव्हापासूनच बिनसलं होतं म्हणा ना.

ट्रॅक्टरने ढकलायला सुरुवात केली. मी डावीकडे, टोकाच्या थोडा बाहेरून चालत होतो. शेपूट वळायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या बाजूला नेहमीपेक्षा जास्त जागा आहे. चांगली मोकळी. कोणालाही वाटेल, बरं झालं. पण बे तेवढाच, विमान तेवढंच. माझ्याकडे जास्त, म्हणजे तिकडे कमी. खाली पाहिलं तर नोज व्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, पिवळ्या रेषेवरून सरकलेलं. ट्रॅक्टरवाल्याने धुक्यात वळण लवकर घेतलं होतं.

दोन्ही काठ्या डोक्यावर फुली करून धरल्या. ही थांबायची खूण. हेडसेटवाला, म्हणजे खालून कॉकपिटशी बोलणारा, नेमका उजवीकडे बघून राहिला होता. माझ्या गळ्यात शिट्टी असायची, कंपनीची नाही, माझी स्वतःची, बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डी बाजारातून, खेळाच्या दुकानातून घेतलेली. फुंकली. ट्रॅक्टर थांबला.

मी पोटाखालून पलीकडे गेलो. शेजारच्या बेवर दुसरं विमान उभं होतं. आमच्या पंखाच्या टोकाखाली उभा राहिलो आणि त्याच्या पंखाच्या टोकाखाली जाईपर्यंत पावलं मोजली. दोन सुद्धा पुरी झाली नाहीत.

सुपरवायझर धावत आला.

"काऊन थांबवलं बे?"

"साहेब, इकडे जागा नाही."

"लागलं का कुठं?"

"नाही लागलं."

"मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. विमान पुढे ओढून, रेषेवर आणून पुन्हा ढकललं. त्याच विमानाला सकाळची फ्लाइट करायची होती, ती नऊ मिनिटं उशिरा सुटली. चार दिवसांनी मला मेमो मिळाला: विनाकारण काम थांबवले, उशीर झाला. उजवीकडे माणूस का नव्हता, याबद्दल त्यात एक ओळ नाही. कंपनीचं नाव सांगत नाही, पण मेमो अजून कपाटात आहे. घासलं असतं तर चौकशी बसली असती आणि कागदावर सगळं आलं असतं. घासलं नाही, म्हणून दोष माझा.

आता तुमच्या सेन्सरबद्दल. माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तोही हेच म्हणतो, "बाबा, कॅमेरा थकत नाही." कबूल. पण २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडाला काय झालं? जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरलं ते रनवेवर उभ्या असलेल्या कोस्ट गार्डच्या विमानावर. मोठ्या विमानातले ३७९ जण वाचले, छोट्यातल्या सहापैकी पाच गेले. रनवेवर कोणी असल्याचा इशारा देणारी यंत्रणा टॉवरमध्ये होती. कंट्रोलरचं पडद्याकडे लक्ष गेलं नाही. २००१ मध्ये मिलानच्या लिनाते विमानतळावर उलटं. तिथे जमिनीवरचा जुना रडार काढलेला आणि नवा सुरू झालेला नव्हता, धुक्यात छोटं सेसना चुकीच्या टॅक्सीवेने (रनवेपर्यंत जायचा रस्ता) रनवेवर शिरलं, उडणाऱ्या मोठ्या विमानाशी टक्कर झाली, ११८ माणसं मेली. म्हणजे यंत्र हवंच. पण त्याचा इशारा बघायचा कोणी आणि थांबवायची हिंमत कोणाची, हा प्रश्न यंत्राने सुटत नाही.

आणि स्पेनचं टेनेरिफ बेट. २७ मार्च १९७७, रनवेवर दोन जम्बोंची टक्कर, ५८३ मृत्यू. ते प्रकरण सगळे 'धुकं आणि रेडिओ'वर संपवतात. अमेरिकेच्या पॅन अॅम कंपनीचं विमान अजून रनवेवरच होतं आणि हॉलंडच्या केएलएमने परवानगीशिवाय धावायला सुरुवात केली. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने धावतानाच विचारलं होतं, ते पॅन अॅम बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे हो म्हणाला. कॅप्टन साधा नव्हता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचा फोटो असायचा. इंजिनिअर गप्प बसला. त्याच्या गळ्यात शिट्टी नव्हती. त्यानंतर रेडिओवरची भाषा बदलली, 'टेक-ऑफ' हा शब्द खऱ्या परवानगीसाठीच राखून ठेवला, आणि कॅप्टनला टोकायचं कसं हे ज्युनिअरना शिकवायला लागले. पायलटांना शिकवतात हो. रॅम्पवरच्या, म्हणजे विमानं उभी असतात तिथे काम करणाऱ्या पोट्ट्याला कोण शिकवतं?

कोलकात्याला २७ मार्च २०२४ ला, तारीख बघा, टॅक्सी करणाऱ्या, म्हणजे जमिनीवरून चालत जाणाऱ्या इंडिगोच्या पंखाचं टोक रनवेवर जायला थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसला घासलं. कोणी जखमी नाही, इंडिगोच्या दोन्ही पायलटना मात्र ड्यूटीवरून उतरवलं. विमान बे सोडून स्वतःच्या इंजिनावर चालू लागलं की तिथे काठीवाला नसतो, पिवळी रेषा आणि पायलटचा अंदाज एवढंच.

तुमच्या मूळ प्रश्नातलं राहिलं ते थोडक्यात: टॅक्सीवेच्या मधले दिवे हिरवे, कडेचे निळे. रनवेच्या तोंडाशी दोन सलग आणि दोन तुटक पिवळ्या रेषा असतात. सलग रेषा आपल्याकडे असतील तर टॉवरने सांगितल्याशिवाय ओलांडायच्या नाहीत. पायलटने टॉवरचे शब्द परत म्हणून दाखवायचे. बाकी टॉवरमधलं मी बोलणार नाही, मी एप्रनवरचा, म्हणजे रॅम्पवरचाच माणूस.

तुमच्याच नागपुरात १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगावला येऊन पिशव्या बदलायची. तेव्हा कोणते सेन्सर होते?

एक मात्र मान्य करतो. त्या सुपरवायझरवरही वरून वेळेचा दट्ट्या होता, नऊ मिनिटांचा जाब त्यालाही द्यावा लागला असणार. आणि काही विंग वॉकर, म्हणजे आम्ही काठीवाले, खरंच फोनमध्ये बघत चालतात, त्यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं. पण तुम्ही पुढे कुठे मॅनेजर झालात तर थांबवणाऱ्याला पहिला प्रश्न 'लागलं का?' असा करू नका. 'काय दिसलं?' असं विचारा.

काठीत काय असतं असंही तुम्ही विचारलंय. काही नाही, साधे सेल. थंडीत लवकर उतरतात, म्हणून मी खिशात दोन जास्तीचे ठेवायचो. बर्डीवरूनच आणायचो, शिट्टीच्याच दुकानाशेजारून.