धडधाकट वर्षं कशी मोजायची?

आमच्या गावात घरटी एक तरी गुडघे गेलेलं नाहीतर नजर गेलेलं माणूस आहे. कराडकडे एवढं दिसत नाही. आम्ही लवकर अधू होतो का? (दहिवडी)

लगेच तसं म्हणू नका. तुमची तरणी पोरं मुंबई-पुण्याला गेली, मागं राहिली म्हातारी माणसं. मग शेकडा अधू माणसं मोजली की तुमचं गाव मागं दिसणारच. शिवाय मुंबईत हमाली करून पाठ मोडल्यावर परतलेला माणूसही गावच्याच खात्यावर पडतो.

म्हणून वयाचे गट पाडून मोजायचं. १९७१ साली डॅनियल सलिव्हन यांनी मांडलेली रीत आजही वापरात आहे. समजा, साठीला पोचलेल्या १०० जणांनी ७० ते ७४ या वयात मिळून ४०० वर्षं काढली. पाहणीत त्या वयाची चौथाई माणसं अधू निघाली, तर ३०० वर्षंच धडधाकट धरायची. साठीपुढच्या सगळ्या गटांची अशी वर्षं मिळवून १००ने भागली की साठीनंतर सरासरी किती वर्षं अपंगत्वाविना जातात ते कळतं. तालुक्या-तालुक्यांची तुलना या आकड्यावर करा. एकट्या गावासाठी मात्र नको. चार माणसं इकडची तिकडं झाली तरी आकडा फिरतो.

बायका जास्त जगतात म्हणे. मग अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच जास्त का दिसतात? (मिरज)

दोन्ही खरं आहे. २०१६-२०च्या नमुना नोंदणीनुसार (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद) देशात पुरुषांचं आयुर्मान ६८.६, बायकांचं ७१.४ वर्षं. पुरुष हृदयविकारानं लवकर जातात. बायका सांधे, ठिसूळ हाडं सोसत मागं राहतात. जादा मिळालेली वर्षं बऱ्याचदा अधूपणातच जातात.

पाहणीवाल्यांनी विचारलं, “घरात कुणी अपंग?” आम्ही नाही म्हणालो. पण आजी मोरीपर्यंत भिंत धरून जाते. चुकलं का? (आष्टा)

तुमचं नाही, प्रश्नाचं चुकलं. ‘अपंग’ म्हटलं की लोकांना दाखला आठवतो. भिंत धरणारी आजी ‘वयानुसार’ ठरते आणि हिशोबात धडधाकट म्हणून जाते. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं. अपंगत्व मोजायचे प्रश्न ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा एक गट आहे, वॉशिंग्टन गट; त्याच्या प्रश्नांत तो शब्दच नाही. चालताना, पायऱ्या चढताना अडचण येते का? चष्मा लावूनही दिसायला? ऐकू यायला, आठवायला, अंघोळ-कपड्याला, बोललेलं समजायला? उत्तरं चार: नाही, थोडी, खूप, जमतच नाही. शेवटच्या दोन्हींतलं एक उत्तर आलं तरी नोंद होते. पुढच्या वेळी पाहणीवाल्यांना दाराशी थांबवू नका, आजीपाशी न्या. तिलाच सांगू द्या.