लेमनग्रासचं तेल चेहऱ्याला डायरेक्ट लावलं तर काळे डाग जातात का?

डायरेक्ट तर अजिबात लावू नका, आणि डागांसाठी तर मुळीच नको. तुम्ही लिहिलंय की लिंबासारखा वास येतो म्हणजे व्हिटॅमिन सी असणारच आणि त्याने डाग जातील, पण तसं नसतं हो. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहाच, नाशकात गोदाकाठी बुधवारच्या बाजारात जुडी मिळते ना तोच किंवा त्याचं सख्खं भावंड, आणि तो लिंबाचा वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा असतो, तेलात ते साधारण 70 ते 80 टक्के असतं. पाल्यातून वाफ सोडून तेल काढतात, वाफेबरोबर जे उडून येतं तेच बाटलीत जातं, आणि व्हिटॅमिन सी उडत नाही, त्यामुळे ते बाटलीत येतच नाही.

मी नाशकात घरी साबण बनवते, आणि साबणात हे तेल मला फार आवडतं, कारण लिंबाच्या तेलाचा वास साबण वाळेपर्यंत उडून जातो, याचा टिकतो. पण साबण आपण धुऊन टाकतो, क्रीम किंवा तेल रात्रभर चेहऱ्यावर राहतं, हा फरक लक्षात घ्या. सिट्रलने काही जणांना ॲलर्जी येते, युरोपात तर क्रीममध्ये ते 0.001 टक्क्याच्या वर असलं की लेबलवर नाव छापावं लागतं. आणि आपल्या सावळ्या कातडीची एक गंमत म्हणजे जिथे जळजळ होते, लाली येते तिथेच नंतर काळं पडतं, म्हणजे डाग घालवायला गेलात आणि नवीन घेऊन आलात.

वासासाठी वापरायचंच असेल तर 30 मिली बदाम तेलात 3 थेंब, म्हणजे अर्धा टक्का, त्याच्या वर जाऊ नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. डोळ्यांजवळ नको, लहान मुलांना नको.

अजून एक, बाटलीवर लेमनग्रास लिहिलंय की लेमन ते नीट वाचा, दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. लिंबाची साल दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, सालीतल्या काही द्रव्यांमुळे, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. लेमनग्रासचा हा उन्हाचा त्रास नसतो, तेवढं एक बरं. कागदावर एक थेंब टाकून ठेवा, काही तासांनी तेलकट डाग तसाच राहिला तर त्यात साधं तेल मिसळलेलं आहे समजा.

डागांसाठी सनस्क्रीन रोज लावा आणि एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तेल आधीच लावून बसला असाल, आग होत असेल, तर नुसतं पाणी मारू नका, पाण्यात ते विरघळत नाही, आधी कापसावर खोबरेल घेऊन पुसून काढा, मग सौम्य साबणाने धुवा.