दाविदाचा मुलगा उलटला, मग परके लोक त्याच्यासोबत का राहिले?

तुमचा प्रश्न असा आहे: इस्राएलाचा राजा दावीद, त्याच्या मुलाच्या, अबशालोमाच्या बंडात घरचे फिरले आणि परदेशी शिपाई दाविदासोबत राहिले, तर यातून नेत्याने काय शिकायचं? मी संडे स्कूलमध्ये शिकवतो. तिथं दावीद आणि गल्याथ दर वर्षी होतो, त्या परदेशी शिपायांतल्या इत्तयाचं नावसुद्धा कुणी काढत नाही. गंमत म्हणजे हा इत्तय गल्याथाच्याच गावचा, गथचा, म्हणजे पलिष्टी, इस्राएलाच्या शत्रू लोकांतला.

बायबलातल्या २ शमुवेल या पुस्तकाचा १५वा अध्याय उघडा. दावीद यरुशलेम सोडून निघालाय. करेथी, पलेथी (राजाचे परदेशी पहारेकरी) आणि गथहून आलेले ६०० जण त्याच्यापुढून चाललेत. तेवढ्यात तो इत्तयाला थांबवतो आणि म्हणतो, तू परका, त्यात देशोधडीला लागलेला. काल आलास, आज तुला माझ्याबरोबर कशाला वणवण करायला लावू? मागे फीर, राजाजवळ राहा.

'राजाजवळ' हा शब्द नीट वाचा. तो अबशालोमाला राजा म्हणतोय! गादी गेल्याचं तो लपवत नाही, जुन्या उपकारांची आठवण देत नाही. उलट जाणाऱ्याला आशीर्वाद देतो. माझ्या पहिल्या नोकरीत, मी सोडून जाऊ नये म्हणून मालकाने माझी ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेतली होती. दाविदाने नेमकं उलट केलं, दार सताड उघडं ठेवलं. इत्तय शपथेवर म्हणतो की मरण असो की जीवन, माझे धनी जिथं तिथं मी. मग तो किद्रोन ओहळ ओलांडतो. त्याच्यासोबत त्याची माणसं आणि चिल्लीपिल्लीही होती, हे त्या वचनात मुद्दाम सांगितलंय. लेकरं घेऊन हरणाऱ्या बाजूला कोण जातं?

कुणी म्हणेल, हे भाडोत्री शिपाई, गावात ना सोयरे ना भाऊबंद, पगार देईल त्याचे. म्हणून तर राजे परक्यांचे पहारे ठेवत. खरं आहे. पण पगाराचाच हिशेब असता तर खजिना होता त्या राजवाड्यात इत्तय थांबला असता. अबशालोमाला जाऊन मिळालेल्या दाविदाच्या सल्लागाराने, अहीथोफेलाने, तोच हिशेब केला असावा, आणि तो तर इथलाच, गिलोचा.

मला वाटतं, दाविदाला हे कळत होतं कारण तो स्वतः यातून गेला होता. आधीचा राजा शौल याच्या भीतीने तोही ६०० माणसं घेऊन गथच्या आखीश राजाकडे गेला आणि पलिष्ट्यांच्या मुलखात १ वर्ष ४ महिने राहिला. शिवाय त्याची पणजी रूथ मवाबी, म्हणजे परदेशीच. सासू नामीने परत जा म्हटल्यावर तीही हटली नव्हती. पुढे लढाईच्या वेळी त्याने सैन्याचे तीन भाग केले: एक यवाबाकडे, एक अबीशयाकडे, तिसरा इत्तयाकडे. पहिले दोघे त्याचे सख्खे भाचे. काल आलेल्याला त्याने त्यांच्या बरोबरीला बसवलं. मला विचाराल तर शिकण्यासारखं हे आहे, बाकी भाषणं.

पण दाविदाला फार उंचावर बसवू नका. १५व्यापासून चारच अध्याय मागे जा. दाविदाचा शिपाई उरीया हित्तीही परक्या वंशाचाच. दाविदाने त्याच्या बायकोशी संबंध ठेवला होता, आणि ते झाकायला तो उरीयाला लढाईवरून बोलावून घरी पाठवू पाहत होता. कराराचा कोश (देवाची पवित्र पेटी) आणि सैन्य तंबूत असताना मी घरी कसा झोपू, म्हणत तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. पुढे दाविदाने त्याला दारू पाजली, तरी तो घरी गेला नाही. शेवटी स्वतःच्या मरणाचा हुकूम असलेलं पत्र त्याच्याच हाती यवाबाकडे गेलं. त्याने ते फोडून वाचलं नाही, असं दिसतं.

२ शमुवेल २३ मध्ये दाविदाच्या शूर वीरांची यादी आहे. तिच्यात सेलेक नावाचा एक अम्मोनी, म्हणजे आणखी एक परका, आहे. शेवटचं नाव उरीया हित्ती, आणि त्यापुढे फक्त आकडा: एकूण ३७.