उपचार संपले, मग घरात का बसायचं?

प्रश्न: स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले, पण घरचे पाण्याची कळशीही उचलू देत नाहीत. जाऊबाई म्हणतात, थोडी वाइन घे, रक्त वाढतं. खरं का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, वाइनने रक्त वाढत नाही. दारू कुठलीही असो, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. जाऊबाईंना त्यापेक्षा द्राक्षं आणायला सांगा! चालणं मात्र हवंच. आठवड्याला 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताने वजन हळूहळू, फिजिओथेरपिस्टला विचारून वाढवा. हात सुजला, जड वाटला, बांगडी रुतायला लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रविवारची मिसळ? खा की. तर्री बेताने, मटकी वाढवून घ्या.